फीडिंग ब्रा घेताना नंबर नको, माप सांगा: बाळंतिणीसाठी योग्य ब्रा कशी निवडावी?

घाटकोपर पश्चिमेचा एम. जी. रोड, बोरिवलीचं इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटर, मुलुंडचा पाच रस्ता किंवा अंधेरी स्टेशनबाहेरची दुकानं, यांपैकी कुठेही 'नर्सिंग ब्रा' मागितली तर दुकानदार क्षणभर विचारात पडू शकतो. 'फीडिंग ब्रा' म्हटलं की मात्र लगेच वरच्या फळीवरचे डबे खाली येतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "कुठला नंबर?"

गडबड इथेच होते. बहुतेक वेळा सांगितला जातो तो गरोदरपणाच्या आधीचा नंबर. नाहीतर "एक साइज मोठी द्या" असं अंदाजपंचे उत्तर असतं. त्यातही अनेकदा खरेदीला आलेली व्यक्ती बाळाची आई नसतेच. ती सव्वा महिन्यात घरी असते आणि दुकानात येते बहीण, जाऊ किंवा ऐन संकोचात उभा असलेला नवरा. मग घरी आलेली ब्रा एकतर काचते, नाहीतर लोंबते, आणि दोन दिवसांत कपाटात जाते.

पैसे वाया जाणं हा त्यातला छोटा भाग आहे. छातीला गच्च आवळणारी ब्रा सतत घातली तर दाब पडलेल्या जागी दूध साचू शकतं, तिथे ठणका लागतो, आणि दुखऱ्या बाजूने बाळाला पाजणं आई नकळत टाळू लागते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ स्तनपान, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतका काळ रोज अंगावर राहणाऱ्या कपड्याचं माप नीट घ्यायला पाच मिनिटं पुरतात.

या ब्रामध्ये वेगळं काय असतं?

साध्या ब्रामध्ये पाजायचं तर ती वर सरकवावी लागते किंवा मागचे हूक काढावे लागतात. फीडिंग ब्राचा कप खांद्याच्या पट्ट्याजवळ एका क्लिपने अडकवलेला असतो. क्लिप काढली की कप खाली पडतो आणि बाकीची ब्रा जागेवर राहते. काहींना पुढे हूक किंवा चेन असते, तर काही नुसत्या एकावर एक येणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या असतात, बाजूला सारल्या की झालं.

कल्पना काही नवी नाही. आजीच्या पिढीची पुढे गाठ मारायची चोळी हेच काम करत होती. गाठ सैल करायची, पदर घ्यायचा आणि बाळाला पाजायचं. शिवाय गाठ रोजच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त आवळता यायची, ही सोय आजच्या कुठल्याच क्लिपमध्ये नाही. शिंप्याकडे 'कटोरी ब्लाउज' शिवून घेतलेल्या बाईला ब्राचा कपही वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कप म्हणजे कटोरी, आणि तिच्याखालून अंगाभोवती फिरतो तो पट्टा म्हणजे बॅण्ड. सगळं माप या दोन गोष्टींचं असतं.

माप नेमकं कधी घ्यायचं?

गरोदरपणात स्तनांचा आकार पहिल्या तीन महिन्यांपासूनच वाढू लागतो. पोट वर येतं तसा बरगड्यांचा घेरही फुगतो. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात बॅण्ड मोठा लागतो आणि बाळंतपणानंतर तो हळूहळू पुन्हा कमी होतो. कपचं उलट असतं. सुरुवातीला थोडं चीक दूध असतं, आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान दूध भरून येतं. त्या दिवसांत स्तन एकदम जड, ताठ आणि गरम लागू शकतात. पुढे बाळाची गरज आणि दूध यांचा मेळ बसला की हा ताठरपणा ओसरतो. त्याला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून थोडे जास्तही लागतात.

म्हणून आठव्या महिन्यात उत्साहाने एकदम सहा ब्रा घेऊन ठेवू नयेत. तेव्हा दोन पुरेत, त्याही मऊ, बिनतारेच्या आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या. त्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर व्यवस्थित बसतील अशा घ्याव्यात. बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी झाला की आतल्या हुकावर येता येतं. कप मात्र भरलेला नको, त्यात जागा उरायला हवी. रोजच्या वापराच्या, बाहेर घालायच्या ब्रा बाळ दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर नव्याने माप घेऊन घ्याव्यात.

पाकिटावरचा ३४ म्हणजे ३४ इंच नव्हे

हा मुद्दा माहीत नसल्यामुळे सर्वांत जास्त चुका होतात. अनेक भारतीय कंपन्यांच्या तक्त्यात ३४ नंबर असतो तो छातीखालचा घेर साधारण ७३ ते ७७ सेंटीमीटर असलेल्या बाईसाठी. टेपवर हे जेमतेम २९ ते ३० इंच भरतात. ३६ नंबर साधारण ७८ ते ८२ सेंटीमीटरला आणि ३८ नंबर ८३ ते ८७ सेंटीमीटरला येतो. म्हणजे टेपवर ३४ इंच दिसले म्हणून ३४ नंबर मागितला, तर हातात येणारी ब्रा दोन नंबर लहान असेल. परदेशी कंपन्यांचे तक्ते वेगळे असतात, त्यामुळे ऑनलाइन घेताना हा घोळ आणखी वाढतो. उपाय एकच आहे. नंबर डोक्यात न ठेवता सेंटीमीटरमधली दोन मापं लक्षात ठेवायची आणि त्या त्या कंपनीच्या तक्त्यात ती शोधायची.

पहिलं माप छातीखालचं. शिंप्याची टेप स्तनांच्या अगदी खाली, पाठीवरही सरळ रेषेत फिरवायची, श्वास सोडायचा आणि अंगाला टेकेल इतकी घट्ट धरून आकडा पाहायचा. आरशासमोर उभं राहिलं किंवा दुसऱ्या कुणी मागून टेप धरली तर काम सोपं होतं, कारण पाठीवर टेप खाली घसरते आणि आकडा फसवा येतो.

दुसरं माप छातीच्या सर्वांत उंच भागावरून. पॅड नसलेली पातळ ब्रा घालून, टेप न आवळता. हे माप बाळाला पाजण्याच्या आधी घ्यावं. पाजून झाल्यावर घेतलेलं माप लहान येतं, आणि त्या मापाची ब्रा दोन तासांनी दूध भरून आलं की काचू लागते.

समजा, छातीखाली ८० सेंटीमीटर आणि छातीवरून ९७ सेंटीमीटर भरले. ८० म्हणजे ३६ नंबर. दोन्ही मापांतला फरक १७ सेंटीमीटर, तो बहुतेक तक्त्यांत सी कपमध्ये येतो. म्हणजे ३६ सी. कंपनी बदलली तर एखादा कप इकडेतिकडे होतो, पण सुरुवात इथून करायची. फरक १४ ते १६ असेल तर साधारण बी, १८ ते २० असेल तर डी. डी किंवा त्यापुढचा कप म्हणजे काही अवाढव्य प्रकार आहे, असा एक गैरसमज असतो. त्या संकोचापोटी बायका बी कप घेऊन बॅण्ड वाढवत राहतात, आणि मग पाठीवर सैल, पुढे गच्च अशी ब्रा पदरात पडते.

दोन्ही बाजू सारख्या नसणं अगदी सामान्य आहे. बाळ एका बाजूला जास्त पीत असेल तर फरक आणखी दिसतो. अशा वेळी मोठ्या बाजूचं माप धरावं आणि दुसऱ्या कपमध्ये पॅड ठेवावा.

घालून पाहताना काय तपासावं?

ब्राचं बहुतेक ओझं बॅण्डने पेलायला हवं, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. खात्री करायची तर पट्टे क्षणभर खांद्यावरून खाली घ्यावेत. बॅण्ड जागेवर राहिला तर माप बरोबर आहे. मागून बॅण्ड वर चढून कमान झाली असेल तर तो सैल आहे. बॅण्डखाली दोन बोटं सहज जावीत. एकही जात नसेल तर तो घट्ट आहे, आणि पूर्ण मूठ जात असेल तर ती ब्रा परत करावी.

मग लोकलचं हँडल धरल्यासारखा हात वर करावा. खालचा पट्टा स्तनावर सरकत असेल तर गर्दीच्या डब्यात दिवसातून दोनदा तेच होणार.

कपमधून वर किंवा काखेकडे मांस बाहेर येता कामा नये. थोडी सुरकुती चालेल, कारण दूध भरल्यावर ती भरून निघते. बाहेर जाताना पॅड लावायचा असेल तर पॅड लावूनच घालून पाहावं, त्याचीही जागा लागते.

एक तपासणी फक्त फीडिंग ब्राचीच असते आणि नेमकी तीच राहून जाते. कप उघडल्यावर आत एक कापडी चौकट किंवा पट्टी उरते. काही ब्रांमध्ये या चौकटीचं भोक इतकं लहान असतं की बाळ पीत असताना तिची कड स्तनाला सगळीकडून दाबत राहते. बाहेरून माप अचूक असूनही त्रास होतो तो यामुळे. कप पूर्ण उघडून आरशात पाहावं. कड कुठेही रुतत नसावी आणि खाली पडलेल्या कपाची घडी स्तनाखाली गोळा होत नसावी. क्लिपही एका हाताने, न पाहता, उघडता आणि लावता यायला हवी. दुसऱ्या हातात रडणारं बाळ असतं.

सिझेरियन झालेल्या किंवा खांदे दुखत असलेल्या बाईला पहिले काही दिवस मागे हात नेऊन हूक लावणं जड जातं. तिच्यासाठी पुढे उघडणारी ब्रा सोयीची.

बॅण्ड काचतोय पण कप बरोबर आहे, असं झालं तर बॅण्ड एक नंबर वाढवून कप एक अक्षर कमी करावा. ३६ सी ऐवजी ३८ बी. कपाची जागा जवळपास तीच राहते. उलट बॅण्ड सैल असेल तर ३४ डी. नुसता बॅण्ड थोडा वाढवायचा असेल तर हुकांना जोडायची जादा पट्टी मिळते. लेस-बटणांच्या दुकानात 'ब्रा एक्स्टेन्डर' मागितला तर अगदी थोड्या पैशात काम होतं. आठव्या महिन्यात ही पट्टी फार उपयोगी पडते.

तार, गाठ आणि मालिश

तारेची ब्रा घातली की दुधाच्या गाठी होतातच, असं नाही. पण चुकीच्या मापाची तार एकाच ठिकाणी तासन् तास रुतते आणि पहिल्या दोन महिन्यांत माप रोज बदलत असतं, म्हणून त्या काळात तार नकोच. नंतर माप स्थिर झाल्यावर एखाद्या समारंभाला दोन-तीन तास तारेची ब्रा घातली तर बिघडत नाही. रात्री ब्रा घालणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही. जडपणा वाटत असेल किंवा दूध गळत असेल तर सैल, मऊ ब्रा घालावी.

"ब्रा न घातल्याने स्तन ओघळतात" आणि "पाजल्याने बांधा बिघडतो" ही दोन वाक्यं प्रत्येक बाळंतिणीच्या कानावर येतात. तेव्हा केंटकी विद्यापीठात असलेले प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांच्या अभ्यासात स्तन ओघळण्याचा संबंध वय, वजन, गरोदरपणांची संख्या आणि धूम्रपान यांच्याशी दिसला. स्तनपानाशी दिसला नाही.

स्तनात दुखरी, कडक जागा लागली तर पहिल्यांदा ब्रा तपासावी. बॅण्डची, चौकटीची किंवा शिवणीची कड नेमकी तिथेच येत असेल तर ती ब्रा लगेच बाजूला ठेवावी. पुढची पायरी नाजूक आहे. आपल्याकडे मालिशवाल्या मावशी अशी गाठ जोर लावून दाबतात, "मोकळी करतात". आईला ब्रह्मांड आठवतं, पण सगळे तिला सोसायला सांगतात. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली स्तनदाहाबद्दल जी मार्गदर्शक सूचना काढली, ती नेमकी याच्या उलट आहे. जोरात दाबून मालिश नको, कारण त्याने सूज वाढते. स्तन 'रिकामा' करण्यासाठी पंपाने पुन्हा पुन्हा दूध काढणंही नको. बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहावं, गार कापडाने शेकावं आणि नीट आधार देणारी ब्रा घालावी. ताप, थंडी वाजणं, लाली आणि ठणका २४ तासांत कमी होत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. घाटकोपरचं राजावाडी, अंधेरीकरांना जवळचं कूपर, बोरिवलीकरांना कांदिवलीचं शताब्दी ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. नाव घातलेलं प्रसूतिगृह जवळ असेल तर तिथेही दाखवता येतं. मावशींना हात-पाय, पाठ खुशाल चोळू द्यावी.

दुकान, मॉल की ऑनलाइन?

स्टेशनजवळच्या दुकानांत हॉजिअरी कापडाच्या साध्या फीडिंग ब्रा दोन-अडीचशे रुपयांपासून मिळतात आणि रोजच्या घरच्या वापराला त्या वाईट नसतात. अडचण असते ती ट्रायलची. अनेक ठिकाणी अंतर्वस्त्रं घालून पाहू देत नाहीत, आणि कप बी किंवा सीच्या पुढे सहसा नसतो. म्हणून आधी एकच घ्यावी, बदलून मिळेल का ते पैसे देण्यापूर्वी विचारावं आणि घरी पातळ, घट्ट बनियनवर घालून पाहावी. लेबल तोपर्यंत काढू नये. काउंटरवर पुरुष असेल आणि बोलायला अवघड वाटत असेल, तर फोनवर दोन्ही मापं लिहून स्क्रीन पुढे करावी. खरेदीला पाठवलेल्या नवऱ्यासाठीही हाच मार्ग बरा.

घाटकोपरच्या आर सिटी किंवा अंधेरीच्या इन्फिनिटीसारख्या मॉलमध्ये ट्रायल रूम असलेली दुकानं सापडण्याची शक्यता जास्त, किंमतही जास्त. डी आणि त्यापुढचे कप मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त ऑनलाइन असते, पण अंतर्वस्त्रं परत न घेण्याची अट असू शकते. ती ऑर्डर करण्यापूर्वीच वाचावी. '२८ ते ३६ फ्री साइज' असं लिहिलेली ब्रा घरी झोपताना ठीक, बाहेर घालायला नाही.

मुंबईच्या हवेत किती लागतात?

एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर, असा तीनचा हिशेब जगभर सांगतात. जून ते सप्टेंबर मुंबईत तो कोलमडतो. पंख्याखाली दोन दिवस टांगलेली ब्राही दमटच लागते, आणि दमट ब्रा घातली की स्तनाखाली खाज आणि पुरळ आलंच. पावसाळ्यातल्या बाळंतिणीला पाच लागतात. कापड सुती, थोडं ताणलं जाणारं असावं. जाड फोमचे कप घाम धरून ठेवतात.

पान्हा फुटला की दूध गळतं, कधी दुसऱ्याच्या बाळाचं रडणं ऐकूनसुद्धा. त्यासाठी जुन्या मलमलीचे किंवा सुती साडीचे गोल, तीन-चार पदरी तुकडे शिवले तर उत्तम पॅड होतात. ओले झाले की लगेच बदलावेत. आतून प्लास्टिक असलेले पॅड फार वेळ ठेवू नयेत. स्तनाग्रांची सतत आग होत असेल आणि बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे डाग दिसत असतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, तेव्हा दोघांनाही डॉक्टरांना दाखवावं.

लंगोट उकळत्या पाण्यात घालतात त्याच बादलीत ब्रा टाकू नये, इलास्टिक लगेच सैल पडतं. तेलही इलास्टिकचा शत्रू आहे, म्हणून मालिश-अंघोळीच्या वेळेला जुनीच ब्रा घालावी.

कामावर परतताना

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विश्रांती देण्याची तरतूदही कायद्याने आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची. रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं. वरचं अन्न नुकतंच सुरू झालेलं असतं आणि माप पुन्हा बदलत असतं. कामावर जाण्याच्या पंधरवडाभर आधी टेप पुन्हा काढावी.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या आईचा प्रवास, ऑफिस आणि परतीचा प्रवास धरला तर नऊ-दहा तास होतात. इतका वेळ दूध न काढता गेला तर सकाळी नीट बसणारी ब्रा दुपारी काचू लागते. त्या दिवसांसाठी कपमध्ये थोडी जागा असलेली ब्रा घालावी आणि मध्ये एक-दोनदा दूध काढावं. पंप वापरत असेल तर कप पूर्ण खाली पडणारी ब्रा हवी. बाळाला पाजायला रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव दिलेले हिरकणी कक्ष राज्यातल्या अनेक एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत आहेत. पाजायला किंवा दूध काढायला तिथे आडोसा मिळतो. पाजण्यातच अडचण असेल तर स्तनपान सल्लागार मदत करतात. १९९१ साली वर्ध्यात सुरू झालेल्या ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडियाने प्रशिक्षित केलेले सल्लागार राज्यात आहेत. प्रसूती झालेल्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे आधी विचारावं.

पुढे दूध तोडताना छाती गच्च कापडाने बांधण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. ती टाळावी. दूध त्याने लवकर आटण्याऐवजी गाठी धरण्याची भीती असते. एकेक वेळचं पाजणं काही आठवड्यांत कमी करत न्यावं आणि तोवर नेहमीचीच, आधार देणारी पण न काचणारी ब्रा घालावी. साधी ब्रा घ्यायची ती त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी, पुन्हा माप घेऊन. जुना नंबर परत येतोच असं नाही.